उघडलाच न गेलेला दर : अमेरिकी कार्यालयाची निविदा आणि वागळे इस्टेटमधला पुरवठादार

ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये एका गाळ्यातून एसीच्या देखभालीचं काम करणारी एक फर्म आहे. मालक साठीकडे झुकलेले. तरुणपणी गॅसचं सिलिंडर खांद्यावर घेऊन लोकांचे जिने चढलेले. सगळे त्यांना काका म्हणतात, मीही. त्यांचं जीएसटीचं आणि निविदांचं कागदकाम माझ्याकडे असतं. २०२३ च्या उन्हाळ्यात त्यांनी भारतातल्या एका अमेरिकी कार्यालयाची निविदा भरली. त्यांचा दर कमी होता की जास्त, हे आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही. तो कुणी वाचलाच नाही.

दिल्लीत दूतावास, आणि मुंबई, चेन्नई, कोलकाता, हैदराबाद इथे वकिलाती, असा अमेरिकेचा तेव्हाचा पसारा. त्यातलं नेमकं कोणतं कार्यालय, ते सांगत नाही. काकांची ओळख पटू नये म्हणून काही तपशीलही इकडचे तिकडे केले आहेत. चूक त्या कार्यालयाची नव्हती. थोडी काकांची, थोडी त्यांच्या मुलीची आणि बरीचशी माझी होती.

काम सरळ होतं. स्प्लिट आणि डक्टेबल एसींची वार्षिक देखभाल, एक वर्षाचा करार आणि पुढची चार वर्षं एकेक करून वाढवण्याचा अधिकार कार्यालयाकडे. दर रुपयांत द्यायचा. आमच्या अंदाजानं वर्षाला चाळीसेक लाखांचं काम. जागा पाहायला जायचं तर नावं आणि ओळखपत्रं काही दिवस आधी पाठवायची, मोबाइल गेटवर ठेवायचा. काका जाऊन आले ते खुशीत. कोणत्या मशीनचा कंप्रेसर किती दिवसांचा सोबती आहे, हे त्यांनी नुसत्या आवाजावरून वहीत टिपून आणलं होतं. दर त्यांनी त्याच रात्री लावला. निविदा भरायला महिना होता, आणि अवघड भाग संपला असं आम्हाला वाटलं.

निविदेचा गठ्ठा जाडजूड. पण त्यातली खरी मेख जिथे असते, तिथे मजकूरच नसतो. अमेरिकेच्या केंद्रीय खरेदीचे नियम ज्या संहितेत आहेत, तिच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरं जुळवली की ‘फार’ असा उच्चार होतो. १९८४ पासून लागू असलेली ही संहिता नावाला जागून खरंच फार आहे. निविदेत तिच्या कलमांचे फक्त क्रमांक आणि शीर्षकं ओळीनं छापलेली असतात. पूर्ण मजकूर तुम्ही जाऊन वाचायचा, आणि वाचला नाही तरी तो लागू. त्या यादीतली एक ओळ होती ५२.२०४-७. अर्थ असा, की दर सादर करताना तुमची ‘सॅम’ या अमेरिकी सरकारी नोंदवहीत चालू नोंदणी असली पाहिजे.

सॅम म्हणजे अमेरिकी सरकारला काहीही विकणाऱ्यांची एकच सामाईक नोंद. युद्धनौका बांधणारा आणि वागळे इस्टेटचा एसीवाला, दोघे एकाच दारातून आत जातात. काळ्या यादीत टाकलेल्यांची नावंही तिथेच सापडतात. नोंदणीला एक पैसा लागत नाही. परदेशातल्या छोट्या खरेदीसाठी सूट होती: परदेशी विक्रेत्याचं, अमेरिकेबाहेरचं, ३०,००० डॉलरपर्यंतचं काम असेल आणि नोंदणी करून घेणं व्यवहार्य नसेल, तर तिच्यावाचून चालवून घेता येई. तेव्हाच्या भावानं ते पंचवीस लाखांच्या आत-बाहेर. काकांचं काम चाळीसचं. सूट नाही.

निविदेसोबतच्या पत्रात नोंदणीचा उल्लेख होता, त्यामुळे काकांच्या मुलीनं पहिल्याच आठवड्यात काम हाती घेतलं. तिनं बी.कॉम. केलंय, गाळ्यातला संगणक तिच्याच ताब्यात असतो. हुशार मुलगी. तिनं केलेल्या दोन्ही गोष्टी सुट्या सुट्या पाहिल्या तर बरोबर होत्या.

पहिली गोष्ट एनकेज. अमेरिकेबाहेरच्या कुठल्याही पुरवठादाराला पूर्ण नोंदणीआधी हा पाच अक्षर-अंकांचा संकेतांक घ्यावा लागतो. नाव नाटोवरून पडलेलं, आणि अर्ज भरायचा तो लक्झेंबर्गमध्ये मुख्यालय असलेल्या नाटोच्या पुरवठा-खरेदी संस्थेच्या संकेतस्थळावर. भारत नाटोत नाही, काका तर नाहीतच, पण डक्टेबल एसीचं फिल्टर धुवायला नाटोच्या पद्धतीचा क्रमांक लागतो. (काकांनी हे जावयाला फोन करून सांगितलं. पलीकडून बराच वेळ हसण्याचा आवाज येत होता.) मुलीनं अर्जात फर्मचं पाटीवरचं नाव आणि गाळ्याचा पत्ता टाकला. चेकबुकावर तेच, लेटरहेडवर तेच, सूक्ष्म-लघु उद्योगांना मिळणाऱ्या उद्यम प्रमाणपत्रावरही तेच. आठवड्याच्या आत क्रमांक आला.

दुसरी गोष्ट यूईआय, म्हणजे सॅममधला फर्मचा ओळख क्रमांक. पूर्वी यासाठी एका खासगी कंपनीचा नऊ आकडी डन्स क्रमांक लागायचा. ४ एप्रिल २०२२ पासून तो बंद झाला आणि सॅम स्वतःच बारा अक्षर-अंकांची ओळख देऊ लागलं. तिच्यात ‘ओ’ आणि ‘आय’ ही अक्षरं वापरत नाहीत, शून्य आणि एकाशी घोळ नको म्हणून. मात्र ती देण्याआधी तुम्ही खरोखर आहात का, हे पडताळतात. मोठ्या कंपन्या त्यांच्या माहितीसाठ्यात आधीच सापडतात. आपल्या गल्लीतली फर्म सापडत नाही. मग नाव आणि पत्ता दोन्ही दाखवणारा कागद जोडायचा. काकांचं जुनं गुमास्ता, म्हणजे दुकान-परवाना, मराठीत, त्याला इंग्रजी भाषांतर जोडावं लागलं असतं. म्हणून मुलीनं जीएसटीचं प्रमाणपत्र जोडलं. अकरा दिवसांनी बारा अक्षरी क्रमांक आला. गाळ्यात पेढे वाटले. तिनं मला क्रमांकाचा फोटो पाठवला आणि मी ‘अभिनंदन’ लिहून मोकळी झाले.

निविदा बंद व्हायला चार दिवस उरले असताना, का कोण जाणे, मी सॅमच्या शोधखिडकीत काकांचं नाव घालून पाहिलं. क्रमांक दिसत होता. नोंदणी नव्हती.

सॅमवर खातं उघडलं की दोन वाटा दिसतात: फक्त यूईआय घ्यायचा, किंवा संपूर्ण नोंदणी करायची. पहिली वाट दुसऱ्या कुणाच्या हाताखाली उपकंत्राटदार म्हणून काम करणाऱ्यांसाठी ठीक. थेट सरकारशी करार करायचा तर दुसरीच हवी, आणि ती लांब आहे: धंद्याचे सांकेतिक क्रमांक (एसीच्या कामाला २३८२२०), हमीपत्रांची पानंच्या पानं, आणि एनकेजची जुळणी. मुलीनं पहिली निवडली होती, कारण पडद्यावर ती सोपी दिसत होती. मी असते तर मीही तीच निवडली असती; नाही, मी असते तर निदान वाचलं असतं, आणि त्याचेच मी पैसे घेते.

त्या रात्री आम्ही दोघी संपूर्ण नोंदणी भरायला बसलो. साडेअकराला एनकेजच्या पानावर आलो आणि अडकलो. सॅममध्ये काका एक होते आणि एनकेजमध्ये दुसरेच.

या प्रकरणाचा गाभा इथे आहे, म्हणून जरा थांबते. काकांची फर्म प्रोप्रायटरी, म्हणजे एकट्याच्या मालकीची. कायद्याच्या नजरेत अशी फर्म मालकापासून वेगळी नसतेच. पॅन काकांच्या स्वतःच्या नावाचं. जीएसटीच्या प्रमाणपत्रावर दोन ओळी असतात: वर कायदेशीर नाव, तिथे काकांचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव; खाली व्यापारी नाव, तिथे पाटीवरचं. सॅमच्या पडताळणीत अर्थातच वरची ओळ उचलली गेली. एनकेज घेतलं होतं खालच्या ओळीवर. पत्त्याचीही तीच गत. जीएसटी घेतलं तेव्हा गाळा भाड्याचा होता आणि भाडेकराराचे कागद हाताशी नव्हते, म्हणून धंद्याचं मुख्य ठिकाण म्हणून कळव्याचं राहतं घर दाखवलेलं; गाळा मागाहून जोडपत्रात ‘अतिरिक्त ठिकाण’ म्हणून आला. म्हणजे सॅमच्या लेखी कळव्यात राहणारा एक इसम, आणि एनकेजच्या लेखी वागळे इस्टेटमधली एक फर्म. त्यातही फर्मच्या नावाच्या शेवटी ‘सर्व्हिस’ की ‘सर्व्हिसेस’, यावर बँकेचं आणि उद्यमचं एकमत नव्हतं. पाटीवर तर रंगाऱ्याला जागा पुरली नाही म्हणून नुसतंच ‘सर्व्हि.’

आपल्याकडे यानं कधी काही अडत नाही. गिऱ्हाईक काकांना ओळखतं, बँक मॅनेजर ओळखतो, जीएसटीच्या ऑफिसातला माणूस पॅनवरून ओळखतो. पॅन हाच आपला दोरा. त्यात ओवलेली नावं थोडी वाकडी असली तरी माळ तुटत नाही. सॅमला पॅन कळत नाही. त्याच्याकडे दोरा म्हणून फक्त नाव आणि पत्ता आहे, तोही अक्षरागणिक.

काकांना समजावताना माझी फेफे उडाली.

“म्हणजे मी आणि माझी फर्म वेगळे?”

“नाही काका, एकच. त्यांच्याकडे मात्र दोन झालेत.”

“मग त्यांना सांगा ना मॅडम, एकच आहेत म्हणून.”

सांगायला जागा होती, पण ती तक्रार-खिडकीच्या रांगेत, आणि आमच्याकडे चार दिवस. आम्ही दर भरला, सोबत यूईआय लिहिला, एनकेज लिहिलं, नोंदणी प्रक्रियेत असल्याचं पत्र जोडलं. काकांच्या आग्रहाखातर उद्यमचं प्रमाणपत्र सगळ्यात वर लावलं. जेम या आपल्या सरकारी खरेदीच्या पोर्टलवर आणि सरकारी निविदांत सूक्ष्म-लघु उद्योगाला अनामत रकमेत सूट मिळते, त्या सवयीनं. इथे मुळात अनामतच मागितली नव्हती. शिवाय अमेरिकी खरेदीतला ‘लघु उद्योग’ म्हणजे अमेरिकेत ठाणं असलेला, तिथल्या अर्थव्यवस्थेत हातभार लावणारा धंदा. ठाण्याचा लघु उद्योग तिथे लघु नसतो, नुसता परदेशी असतो.

दोन आठवड्यांनी दोन ओळींची ईमेल आली. सादर करण्याच्या वेळी नोंदणी चालू नव्हती, म्हणून प्रस्ताव विचारात घेतलेला नाही.

मी फोन केला. खरेदी विभागात फोन घेणारे बहुतेक आपलेच लोक असतात, स्थानिक कर्मचारी. समोरची व्यक्ती सौजन्यानं बोलली, हळहळलीही. पण करारावर सही करण्याचा अधिकार लेखी नेमणुकीनं मिळालेल्या अमेरिकी अधिकाऱ्याचा, आणि त्या अधिकाऱ्यालाही या कलमात वाकायला फार जागा नसते. तिकडे या एका मुद्द्यावर कंपन्या न्यायालयापर्यंत गेल्या आहेत. दर भरताना नोंदणी होती, करार देतानाही होती, मध्ये तेवढी मुदत उलटून खंड पडला, एवढ्यावरून बाद ठरवलेल्या कंपन्या आहेत. हा मधला खंड अखेर १२ नोव्हेंबर २०२४ च्या दुरुस्तीनं क्षम्य ठरला. आता दर देताना आणि करार होताना, अशा दोन वेळी नोंदणी चालू असली की पुरे. काकांना त्याचा काही उपयोग नव्हता. त्यांची पहिलीच वेळ चुकलेली.

निविदा गेली ती गेली. पण काका हट्टी. “आता नोंदणी करूनच टाका,” म्हणाले.

पहिला प्रश्न, नाव कोणतं ठेवायचं. फर्म प्रायव्हेट लिमिटेड करावी का, याचा दोन दिवस खल झाला. कंपनीला स्वतःचं नाव, स्वतःचं पॅन, सगळीकडे एकच ओळख; या कामापुरतं पाहिलं तर उत्तम. पण दरवर्षीचं ऑडिट, विवरणपत्रं आणि माझी फी धरली तर एका संभाव्य निविदेसाठी तो खर्च मला स्वतःलाच पटेना. शेवटी प्रोप्रायटरीच ठेवली, कायदेशीर नाव काकांचं, आणि तीस वर्षांची पाटी सॅमच्या ‘या नावानं धंदा करतो’ अशा अर्थाच्या रकान्यात गेली. काकांना ते लागलं. बोलले नाहीत, पण चहा न घेता उठले.

मग पत्ता. आधी जीएसटीत गाळा मुख्य ठिकाण केला. हा गाभ्याचा बदल, अधिकाऱ्याच्या मंजुरीशिवाय होत नाही. नियमात पंधरा कामाचे दिवस. ते हातात आल्यावर सॅममध्ये पत्ता बदलला, पुन्हा पडताळणी. त्यानंतर एनकेजची दुरुस्ती, नाव आणि पत्ता हुबेहूब सॅमप्रमाणे, स्वल्पविरामासकट. क्रम उलटा केला असता तर सगळं पुन्हा करावं लागलं असतं. एनकेजमधला बदल सॅमला दिसायलाही थोडा वेळ जातो, तेवढं थांबलो. एकूण दोन महिने गेले, त्यातलं काम धरलं तर जेमतेम दोन दिवसांचं.

हमीपत्रांत मात्र एक अनपेक्षित खड्डा निघाला. अमेरिकेच्या २०१९ या आर्थिक वर्षासाठीच्या संरक्षण कायद्यातलं कलम ८८९. हुआवे, झेडटीई, हायटेरा, हिकव्हिजन आणि दाहुआ या पाच चिनी कंपन्यांची उपकरणं सरकारला विकायची नाहीत, हा त्याचा पहिला भाग. त्यात काही अवघड नाही. दुसरा भाग ऑगस्ट २०२० पासून लागू झाला, आणि तो म्हणतो, की ही उपकरणं तुम्ही स्वतःही महत्त्वाचा भाग म्हणून वापरता कामा नये. त्या करारासाठी नव्हे, कशासाठीच. वापरता की नाही, हे शोध घेऊन लिहून द्यायचं.

मी मान वर केली. गाळ्याच्या कोपऱ्यात कॅमेरा माझ्याकडेच बघत होता. त्या यादीतल्याच एका कंपनीचा.

बहुतेक लोक इथे बिनधास्त ‘नाही’वर टिचकी मारतात, हे मला माहीत आहे. कोण येतंय ठाण्याला बघायला? पण ही टिचकी म्हणजे परक्या सरकारला दिलेलं लेखी निवेदन, आणि खोटं निघालं तर त्याच संकेतस्थळाच्या काळ्या यादीत नाव जायची सोय आहे. चार कॅमेरे आणि त्यांचा रेकॉर्डर काकांनी बदलला. बदलताना पुटपुटत होते. मी म्हटलं, आपलं सरकारही काही मागे नाही, २३ जुलै २०२० पासून जमिनीची सीमा लागून असलेल्या देशांतल्या बोलीदारांना आपल्याकडेही आधी वेगळी नोंदणी करावीच लागते. त्यांचं समाधान झालं नाही. कॅमेरे चांगले चालत होते, हा त्यांचा मुद्दा, आणि तो खरा होता. टिकटॉकवरही बंदीचं असंच एक कलम जून २०२३ मध्ये आलं; ते आपल्याकडे २०२० मध्येच बंद झाल्यामुळे तिथे मात्र आम्ही आयते सोवळे.

नोंदणी चालू झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी मुलीच्या ईमेलवर पत्रांची रांग लागली. तुमची नोंदणी अपूर्ण आहे, अमुक शेकडो डॉलर भरा. नूतनीकरण तातडीचं आहे, इथे टिचकी मारा. सॅममधली बरीचशी माहिती जगाला दिसते, तिथूनच हे लोक पत्ते उचलतात. काही नुसते महागडे मदतनीस, काही सरळ भामटे. ती पैसे भरायच्या बेतात होती, नशिबानं आधी फोन केला. नोंदणी आणि नूतनीकरण, दोन्ही फुकट. नूतनीकरण दर ३६५ दिवसांनी, एक दिवस राहिलं तरी नाव चालू यादीतून बाहेर. काकांच्या भिंतीवरच्या पंचांगात त्या तारखेच्या चाळीस दिवस आधी लाल गोल आहे.

पहिलं काम मिळालं ते वेगळंच आणि छोटं, नोंदणी लागलीही नसती असं: एका इमारतीतले डक्ट साफ करायचे. काम झालं, बिल गेलं, आणि परत आलं. कारण शुद्ध देशी. परदेशी दूतावासांना जीएसटीखाली यूआयएन नावाचा वेगळा पंधरा अंकी क्रमांक असतो. ते आपल्याला कर देतात आणि नंतर सरकारकडून परतावा घेतात. त्यासाठी बिलावर त्यांचा यूआयएन हवा, आणि आपल्या जीएसटीआर-१ या विक्रीच्या विवरणपत्रात ती विक्री चौथ्या तक्त्यात, नोंदणीकृत गिऱ्हाइकांच्या ओळीत दिसायला हवी. मुलीनं ते बिल साध्या गिऱ्हाइकासारखं बिननंबरी केलं होतं. बरेच जण याहून पुढे जातात, दूतावास म्हणजे करमाफी समजून जीएसटी लावतच नाहीत, आणि मग तो स्वतःच्या खिशातून भरतात. आम्ही बिल सुधारून पाठवलं. पैसे रुपयांत, सरळ बँक खात्यात आले.

मधल्या काळात मला एक गोष्ट सापडली, ती आधी सापडली असती तर बरं झालं असतं. अमेरिकी सरकारचे करार यूएसएस्पेंडिंग नावाच्या उघड्या संकेतस्थळावर रकमेसकट दिसतात. पूर्वी तेच काम कुणी केवढ्याला घेतलं होतं, हे बऱ्याचदा तिथे कळतं. काकांनी त्या रात्री वहीतून लावलेला दर कुठे बसला असता, ते मी त्यांना दाखवू शकले असते. दाखवलं नाही. विचारलंही नाही त्यांनी.

पुढच्या वर्षी एका दुसऱ्या कार्यालयाची देखभालीचीच निविदा निघाली. नोंदणी चालू, नाव एक, पत्ता एक, कॅमेरे नवे. दर काकांनी पुन्हा स्वतः लावला. महिनाभरानं उत्तर आलं: प्रस्ताव तांत्रिकदृष्ट्या मान्य, पण दुसऱ्याचा दर कमी. मी जरा दबकतच फोन केला.

“कितीनं गेलं?” काकांनी विचारलं.

मी सांगितलं. पलीकडे पेनाचा आवाज आला, वहीत काहीतरी लिहीत होते.

“एवढ्यात त्याला गॅस परवडणार नाही,” ते म्हणाले. “वर्षभरानं बघा.”